वाळवंटात हिवाळा काढायचाय? विचारा!

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, मुलगा आणि सून, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात पाच आठवडे भाड्याच्या आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, राहिलो आणि तिथली वाळवंटातली उद्यानं, प्राणी-पक्षी बघत फिरलो. एवढ्याशा मजकुरावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. प्रश्न थोडे कापलेत, अर्थ बदललेला नाही.

चिपळूणचे एक काका लिहितात : ताई, मी ६६ आणि ही ६१. मुलगी फिनिक्सला असते, ती म्हणते बाबा आरव्ही घेऊन फिरू. पण आरव्ही म्हणजे ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बससारखं असतं का? आणि संडास-बाथरूमचं कसं, विचारायला लाज वाटते पण विचारतो.

काका, लाज कसली, सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. स्लीपर बस नाही, ते चाकांवरचं वन रूम किचन समजा. आमची गाडी २५ फुटी होती, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, आत शेगडी, फ्रिज, बेसिन, छोटा संडास, त्याला लागूनच शॉवर, मागे एक पलंग आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा दुसरा. तो माळा मुलांना द्या, रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाने ती शिडी चढू नये.

आता टाक्या. गाडीला तीन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची, एक बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची तिला ग्रे म्हणतात, आणि एक संडासाची, ती ब्लॅक. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे आरव्ही लावून राहायच्या तळावर, फुल हुकअप असलेल्या जागेत वीज, पाणी आणि सांडपाण्याचं कनेक्शन तिन्ही मिळतं, पण म्हणून ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा नाही, पाणी निघून जातं आणि घट्ट ते आत बसतं. टाकी निम्म्याच्या वर भरली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालून दहा मिनिटांचं काम आहे. आपल्याला पाणी वापरायची सवय असते ती सोडायची गरज नाही, आम्ही संडासात पाण्याचा मग ठेवला होता, पाणी जास्त गेलं तर ती टाकी उलट नीट रिकामी होते, फक्त लवकर भरते एवढंच. अंघोळीला मात्र शक्यतो कॅम्पग्राउंडचे शॉवर वापरा.

गाडी मुलीला किंवा जावयांना चालवू द्या. आणि अजून एक, बरोबर एक छोटी कार हवीच हवी. आरव्ही एकदा जागेवर लावली, तारा-पाइप जोडले की दूध आणायला ती हलवत नाहीत. आमची सून कार घेऊन मागून यायची, त्यामुळे सगळं फिरणं सुखाचं झालं.

६२ वर्षांवरच्यांना राष्ट्रीय उद्यानांचा स्वस्त सीनियर पास मिळतो असं कोणी सांगेल, तो तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच असतो, आपल्याला नाही. मेडिकल इन्शुरन्स इथूनच काढून जा.

गुहागरहून एक काकू : माझ्या जावेने तुमचा लेख वाचून दाखवला. खरं सांगू का, पाच आठवडे वाळवंटात राहून बघायचं काय? वाळू नि काटे. समुद्र नाही, देऊळ नाही, झाड नाही.

काकू, हाच प्रश्न मी मुलाला विचारला होता अगदी याच शब्दांत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तिथे वाळूच्या टेकड्या नाहीत. सोनोरन वाळवंट म्हणजे झाडाझुडपांचं वाळवंट. टूसॉन शहराला वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस, आपल्या रत्नागिरीला ३००० च्या वर, पण ते ३०० दोन हप्त्यांत येतात, थोडा हिवाळ्यात रिमझिम आणि बाकी उन्हाळ्यात वादळी, त्यावर तिथली सगळी सृष्टी चालते. शहराच्या दोन्ही अंगांना, पूर्वेला आणि पश्चिमेला, सवारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत. सवारो म्हणजे तो उंच हात वर केलेला निवडुंग, चित्रात असतो तो. पूर्वेचा भाग १९३३ पासून राखीव आहे, १९९४ ला नॅशनल पार्क झालं. दहा वर्षांचा सवारो तुमच्या अंगठ्याएवढाही नसतो बहुतेक वेळा! पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त, उंची चाळीस फुटांवर जाते आणि दीडशे-दोनशे वर्षं जगतो. अंगाला पंख्यासारख्या घड्या असतात, पाऊस पडला की त्या उघडतात आणि पाणी भरून तो फुगतो, नंतर महिनोन् महिने ते पुरवतो.

आणि काकू, तुमच्या आगरात पोफळीच्या रोपाला केळीची सावली देता ना? तिथे सवारोचं रोप पालो वर्दे नावाच्या झाडाखाली वाढतं. उन्हाने जळू नये, थंडीत गारठू नये म्हणून ते झाड त्याला वर्षानुवर्षं पोटाशी धरतं. ते झाड हिरव्या सालीचं, पानं गळली तरी सालच अन्न तयार करते. हे मला तिथल्या एका फलकावर कळलं आणि मी तिथेच उभी राहिले, कारण आईने माझ्याकडून पोफळीची रोपं अशीच लावून घेतली होती.

पश्चिमेच्या भागात सिग्नल हिल म्हणून छोटी टेकडी आहे, पाच-दहा मिनिटांची चढण, वर खडकांवर शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या मूळच्या होहोकाम लोकांनी कोरलेली चित्रं, चक्राकार, प्राणी, माणसं. आमचे हे एकदम म्हणाले, अगं हे तर आपल्या बारसूच्या सड्यासारखं! (राजापूरकडच्या बारसूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अशीच कोरलेली चित्रं आहेत.) जायचा रस्ता कच्चा आहे, तिथे कारच न्या.

त्याच बाजूला अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम. नाव म्युझियम पण बहुतेक सगळं उघड्यावर, १९५२ पासून चालू आहे, प्राणिसंग्रहालय, बाग आणि म्युझियम तिन्ही एकात. पूर्ण दिवस द्या, दोन दिलेत तर अजून बरं. हिवाळ्यात तिथे शिकारी पक्ष्यांना मोकळं सोडतात, डोक्यावरून वीतभर अंतरावरून हॅरिस हॉक जातो, पंखांचा वारा लागतो गालाला. हे पक्षी कुटुंबाने मिळून शिकार करतात, एक सशाला झुडपातून बाहेर काढतो आणि बाकीचे टपून असतात. हमिंगबर्डची मोठी जाळीची खोली आहे, आपल्या शिंजीराएवढा जीव, पण हवेत एकाच जागी उभा राहतो आणि मागेसुद्धा उडतो.

आम्ही तिथून जवळच गिल्बर्ट रे या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कॅम्पग्राउंडवर राहिलो. वीज जागेवर आहे, पाणी नळावरून भरून घ्यायचं, आणि किती रात्री सलग राहू देतात त्याला मर्यादा असते म्हणून नंतर शहरातल्या खाजगी आरव्ही पार्कात गेलो. पहाटे हावेलीनांचा कळप यायचा, दिसायला रानडुकरासारखा पण कूळ वेगळं, काट्यांसकट फड्या निवडुंग चावून खातात. रात्री कायोटी, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे प्राणी, ओरडायचे, अगदी आपली कोल्हेकुई, मला पहिल्या रात्री आजोळी झोपल्यासारखं वाटलं.

काकू, पावसाळा संपल्यावर मुंबईचे पाहुणे आपला सडा बघून म्हणतात ना, इथे काहीच नाही, नुसता कातळ. आपल्याला माहीत असतं तिथे काय काय असतं ते, कारण आपण तिथे रोज जातो. वाळवंटाचं तेच आहे, एका दिवसात गाडीच्या काचेतून ते ओसाडच दिसणार. माझा सगळ्यांना आग्रह आहे तो एवढाच की पाच ठिकाणं करू नका, दोन करा, आणि एका जागी निदान आठवडाभर राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागतं.

देवगडचे एक बागायतदार : जानेवारी-फेब्रुवारीत सगळे जातात म्हणता. आमचा मोहोर तेव्हाच, फवारण्या सोडून कसं जायचं?

नाही जायचं. तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी जा आणि डिसेंबरच्या सुरुवातीला परत या. सुरुवातीचे थोडे दिवस दुपारी उकडेल, पण नोव्हेंबर फार छान जातो आणि जागाही मिळतात, कारण कॅनडातले आणि उत्तरेकडचे निवृत्त लोक, ज्यांना तिथे स्नोबर्ड म्हणतात, त्यांची खरी गर्दी नाताळानंतर मार्चपर्यंत असते. तेव्हाच्या जागा सहा-सहा महिने आधी जातात.

दापोलीहून एक ताई : जेवणाचं काय केलंत? मिक्सर, कुकर नेला का? मासे मिळतात का? आणि थंडी कितपत?

कुकर नेला, गॅसवर उत्तम चालला. मिक्सर नेऊ नका, तिथली वीज १२० व्होल्टची, आपला २३० चा मिक्सर नुसता कुरकुरतो, आम्ही शेवटी तिथलाच एक छोटा घेतला. मायक्रोवेव्ह, हीटर आणि इस्त्री एका वेळी लावलीत की ३० अ‍ॅम्पियरच्या जागेत फ्यूज जाणार हे नक्की. फोडणी घालताना वरची छोटी खिडकी उघडा आणि पंखा लावा नाहीतर धुराचा अलार्म असा कोकलतो की शेजारच्या गाडीतले धावत येतात, आमच्याकडे आले होते, मग त्यांना कुळथाची पिठी-भात खाऊ घातला. मासे फ्रोझन मिळतात मोठ्या दुकानांत, पण तळायचे तर बाहेर, गाडीत वास चार दिवस जात नाही.

आमसुलं, कुळीथ पीठ, मेतकूट, मसाला नेला. विमानतळावर जे आहे ते सगळं सांगून टाकायचं, लपवायचं काही नाही. ताजी फळं, बियाणं नेऊच नका. आणि अ‍ॅरिझोनातून कॅलिफोर्नियात गाडीने शिरताना रस्त्यावर शेतीखात्याचं नाकं असतं, संत्री-लिंबं आहेत का विचारतात, त्यामुळे आदल्या दिवशी फळं संपवा.

थंडी म्हणाल तर टूसॉनला जानेवारीत दुपारी १८-१९ डिग्री, पहाटे ३-४. खोबरेल तेलाची बाटली पाच आठवडे गोठलेलीच होती. आम्ही कार्चनर कॅव्हर्न्सला गेलो, ती गुहा १९७४ ला दोन तरुणांना सापडली आणि आतले चुनखडीचे आकार कोणी तोडू नयेत म्हणून १९८८ पर्यंत ती गुप्त ठेवली होती, १९९९ ला लोकांसाठी उघडली, आधी बुकिंग करून जरूर बघा. ती जागा उंचावर आहे, तिथे रात्री शून्याच्या खाली गेलं आणि आमचा पाण्याचा होज पाइप दांडक्यासारखा कडक झाला, सकाळी चहाला पाणी नाही. तेव्हापासून रात्री पाइप काढून ठेवायचा आणि टाकीतलं पाणी वापरायचं असं ठरवलं. हवा भयंकर कोरडी, आपल्या दमट हवेतली माणसं आपण, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं कधीकधी, तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं आणि नाकाला तेलाचं बोट लावायचं.

मालवणहून सहावीतला एक मुलगा (आईने लिहून पाठवलंय) : तिथे साप असतात का? फुरशासारखे? आणि उंट असतात का?

बाळा, साप असतात, रॅटलस्नेक, शेपटीला खुळखुळा असतो आणि जवळ गेलं की तो वाजवून सांगतो, बाजूला व्हा. पण हिवाळ्यात ते बहुतेक बिळात, कपारींत असतात, आम्हाला म्युझियमच्या काचेमागेच दिसला. तरी दगडाखाली हात घालायचा नाही, आपल्याकडे फुरशाच्या भीतीने घालत नाही तसाच. खरा त्रास चोयाचा, हा एक निवडुंग, दुरून मऊ अस्वलाच्या पिल्लासारखा दिसतो, नुसता घासला तरी त्याचा तुकडा तुटून अंगाला चिकटतो. हाताने ओढायचा नाही, खिशात फणी ठेवायची आणि फणीने उडवायचा. माझ्या सुनेच्या पोटरीला लागला होता, फणीनेच निघाला.

उंट आता मोकळे नाहीत. पण १८५६ ला अमेरिकन सैन्याने जहाजातून उंट आणले होते, सामान वाहायला. त्यांना सांभाळणारा एक माणूस हाजी अली, तिथल्या लोकांना नाव म्हणता येईना म्हणून तो हाय जॉली झाला, उंटांची योजना बंद पडली तरी तो तिथेच राहिला आणि १९०२ ला वारला. क्वार्टझाइट नावाच्या गावात त्याची समाधी आहे, दगडी पिरॅमिड आणि वर उंट. आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. त्या गावाभोवती हिवाळ्यात हजारो आरव्ही सरकारी माळरानावर उभ्या असतात. आणि एक सांगू, उंटांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी मुळात उत्तर अमेरिकेतच जन्मले, तिथून बाकी जगात गेले!

वेंगुर्ल्याचे एक पक्षिमित्र : पक्ष्यांसाठी एकच जागा सांगायची तर कुठली?

व्हाइटवॉटर ड्रॉ. टूसॉनहून आग्नेयेला दोन तासांवरची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे हजारोंनी सँडहिल क्रेन उतरतात, आपल्या क्रौंचाच्या जातकुळीतले, करडे, डोक्यावर लाल टोपी. रात्रभर उथळ पाण्यात उभे राहतात आणि उजाडताना थवे एकामागून एक उठून शेतात चरायला जातात, दुपारच्या आसपास परत येतात. अंधारात पोचा, कानटोपी घाला. तो आवाज लिहून सांगता येत नाही मला, आधी पाणी गुरगुरल्यासारखं आणि मग सगळं आभाळच बोलायला लागतं. आम्ही एक दिवस ठरवून गेलो होतो, तीन दिवस राहिलो.

दुसरी जागा ऑर्गन पाइप कॅक्टस हे राखीव उद्यान, मेक्सिकोच्या सीमेला लागून. वाटेतल्या गावाचं नाव आहो, हो, आपण नवऱ्याला हाक मारतो जवळपास तसंच, एका कांदालसणासारख्या झाडावरून पडलंय म्हणतात. उद्यानातल्या ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडवर २०८ जागा आहेत पण विजेचं कनेक्शन नाही, जनरेटर ठरलेल्या वेळातच. रात्री मोबाइल बंद, दिवे बंद, आणि एवढ्या चांदण्या मी लहानपणी खळ्यात झोपायचे तेव्हा बघितल्या होत्या त्यानंतर थेट इथेच. सीमेजवळच्या रस्त्यांवर तपासणी नाकी असतात, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं गाडीत जवळ ठेवा, घरी विसरू नका.

राजापूरहून एक दादा : सगळं वाचायला छान, पण आम्हाला अमेरिका परवडणारी नाही. घरामागे सडा आहे, तेच आमचं वाळवंट. आपल्या देशात असं काही होईल का?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. होईल, आणि फार चांगलं होईल. कच्छच्या छोट्या रणात जा. तिथलं रानगाढवांचं अभयारण्य जवळजवळ ५००० चौरस किलोमीटरचं आहे, ते रानगाढव, तिथे त्याला घुडखर म्हणतात, आता फक्त त्याच भागात उरलंय. रत्नागिरीवरून अहमदाबादकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, तिथून दसाडा-झैनाबाद दोन-तीन तासांवर. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, डिसेंबर-जानेवारी उत्तम, थंडी कडक पण सोसण्यासारखी. रोहित, क्रौंच, घुबडं, तीन-चार मुक्काम एकाच गावात करा, रोज पहाटे आणि संध्याकाळी जीपने आत जा, दुपारी झोपा. आरव्हीच पाहिजे असं काही नाही, चार घरांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर केली तर लहान मुलं-म्हातारी सगळी मावतात. कॅरॅव्हॅनसाठी महाराष्ट्राने २०२१ ला धोरण आणलंय, पण कोकणात गाडी लावून वीज-पाणी मिळेल अशा जागा अजून हाताच्या बोटांवर, ते वाढावं असं मनापासून वाटतं, आणि वाढताना टाकी रिकामी करायची सोय आधी व्हावी, नाहीतर ते पाणी आपल्या वहाळात जाईल.

आणि तुमचा सडा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही कातळशिल्पं तुमच्याच अंगाला आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि सिग्नल हिलवर उभं राहून आम्हाला त्यांचीच आठवण आली हे वर लिहिलंच आहे. मार्चमध्ये जमलं तर वेळासला दोन रात्री राहा, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून निघाली की गावकरी सकाळी-संध्याकाळी त्यांना समुद्रात सोडतात. जेवण-राहणं गावातल्या घरांतच होतं, आधी फोन करून जा, कारण पिल्लं कधी निघतील ते घरट्याच्या तारखेवर असतं, आणि एक दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशीसाठी थांबता येईल एवढी रजा काढूनच निघा.